खोक्यावरची खूण

त्यांना मी प्रत्यक्ष एकदाच भेटले. बाकी सगळी ओळख फोनवरची, आणि तीही सकाळी दहाच्या चहाच्या सुट्टीतली. तरी आज इतक्या दिवसांनीही दहा वाजता टेबलावरचा फोन वाजला की माझा हात आधी थबकतो.

मी दुबईत एका संघटनेच्या ऑफिसात काम करते. कॅसिनोत लागणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची ही संघटना. नाणं टाकून खेळायची मशिनं, पत्ते पिसणारी यंत्रं, नोटा तपासणारे छोटे डबे, खेळाची टेबलं, अगदी समोर बसायच्या उंच खुर्च्यासुद्धा कुणीतरी बनवतंच की. ही सगळी मंडळी आमची सभासद. आम्ही खेळत नाही, खेळवतही नाही. आम्ही बैठका घेतो, नियमांचे मसुदे लिहितो, तंत्रज्ञांचे कोर्स भरवतो. मुख्य ऑफिस परदेशात आहे. इथे या धंद्याला रीतसर परवाने मिळणार असं दिसू लागलं, उत्तरेकडे समुद्रकाठी मोठ्या रिसॉर्टचं बांधकाम उभं राहिलं, तेव्हा इथेही सहा माणसांची एक शाखा उघडली. त्या सहांतली मी एक. सभासदांची पत्रं, बैठकांच्या तारखा, मिनिट्स हे माझं काम.

वसईला आईला मी सांगितलंय, इलेक्ट्रॉनिक सामान बनवणाऱ्या कंपन्यांची असोसिएशन आहे. पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, बायकांना ती सांगते, पोरगी टीव्हीच्या कंपनीत आहे. मी तिला दुरुस्त केलं नाही. पहिल्या वर्षी जरा बोचलं, मग सवय झाली. खोटं बोलण्याचीही सवय होते, आणि ती सवय नको तेव्हा कामाला येते, हे मला पुढे कळायचं होतं.

आमच्या कोर्ससाठी सभासद कंपन्या रिकामी मशिनं पाठवायच्या. रिकामी म्हणजे आत खेळ नाही, नुसता सांगाडा आणि स्क्रीन. धंद्यात त्याला कॅबिनेट म्हणतात, गोदामात नुसतं डबा. ती फ्री झोनमधल्या एका गोदामात उतरायची आणि तिथून आमच्या हॉलवर यायची. त्या गोदामाचे फोरमन म्हणजे ते. पहिला फोन गेटपाससाठी आला, हिंदीत. मी मध्येच आमच्या ड्रायव्हरला काहीतरी सांगायला वळले आणि "अरे देवा" म्हणाले. पलीकडून लगेच, "मॅडम, तुम्ही आमच्याकडच्या दिसता."

"वसईची. तुम्ही?"

"रत्नागिरी. खाडीपलीकडचं गाव. नाव सांगून उपयोग नाही, तुम्हाला माहीत नसणार."

त्यानंतर हिंदी संपली. दोन-तीन फोनांनंतर मॅडमही संपली, मी ताई झाले. वयानं ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे होते, तरी ताईच म्हणायचे. मी त्यांना भाई म्हणायचे. पंधरा वर्षं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एसीची खोकी उतरवली होती त्यांनी, मग इथे आले. बोलणं कामाचंच असायचं. कुठला डबा आला, कुठला कस्टमला अडकला. शेवटी "चला, खलास" म्हणून फोन ठेवायचे.

एकदा मी विचारलं, "भाई, या डब्यांत काय असतं माहीत आहे ना तुम्हाला?"

"ताई, मी डब्यात काय आहे ते विचारत नाही. वजन विचारतो."

प्रत्यक्ष भेट झाली ती कोर्सच्या आदल्या दिवशी. दोन डबे हॉलवर पोचवायला ते स्वतः आले होते. बारीक अंगाचे, पांढरी बारीक दाढी, पिवळं जॅकेट. मी पाण्याची बाटली दिली तर म्हणाले, रोजा आहे. मी ओशाळले. ते हसून म्हणाले, "तुम्ही दिलंत ते पोचलं." मग डब्याच्या बाजूला उभं राहून तो किंचित हलवून पाहिला, जशी बाई रांजणाचं पाणी अजमावते तशी, आणि मान हलवली. काय झालं ते मी विचारलं नाही.

ईदनंतर पंधराएक दिवसांनी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. तो मी इतक्या वेळा ऐकलाय की शब्दन् शब्द पाठ आहे.

"ताई, सलाम. मी काय म्हणतो, ते नवीन डबे आलेत ना, वाकड्या मोठ्या स्क्रीनवाले, त्यांचं सगळं वजन वर आहे. खाली पोकळ. आणि बाहेरच्या खोक्यावर वजनाची खूण छापलीय मधोमध. ती खूण चुकीची आहे. फोर्कलिफ्टवाला खुणेवर भरवसा ठेवून उचलतो. काल एक डुगडुगला. मी आमच्या सुपरवायझरला बोललो, तो म्हणतो कंपनीनं छापलंय, आपण काय करणार. तर तुमच्या मीटिंगला सगळ्या कंपन्या बसतात ना, तिथं एवढंच सांगा की खूण बरोबर जागी करा. कुणाला नावं ठेवायची नाहीत. इन्शाल्ला होऊन जाईल."

मी उत्तर दिलं, नक्की घेते. आणि घेतलाच विषय. तांत्रिक समितीची बैठक चार दिवसांवर होती. विषयपत्रिकेत शेवटी टाइप केलं: खोक्यांवरील गुरुत्वमध्याची खूण, गोदामाकडून आलेली सूचना.

बैठक ऑनलाइन होती. आठ कंपन्यांचे लोक, वेगवेगळ्या देशांत बसलेले. परवान्याच्या एका अर्जावरून वाद लांबला. दीड तासाची बैठक पावणेदोन तासांवर गेली. माझं लक्ष घड्याळाकडे, कारण तीन वाजता मुलीच्या शाळेत पालकसभा होती आणि मागच्या खेपेलाही मी उशिरा पोचले होते. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, राहिलेल्यापैकी काही पुढे ढकलता येईल का?

कुणीच काही बोललं नाही. मग मी बोलले. म्हटलं, शेवटचा विषय पुढच्या बैठकीत घेता येईल, तातडीचा नाही.

तातडीचा नाही. मला कुणी ढकललं नव्हतं. मी गप्प बसले असते तरी कदाचित दोन मिनिटांत तो विषय होऊन गेला असता. पालकसभेला मी वेळेवर पोचले. लेकीचं गणित सुधारलंय असं बाईंनी सांगितलं. मला आनंद झाला होता, तोही आठवतो.

तीन आठवड्यांनी सकाळी अकराच्या सुमारास गोदामाच्या को-ऑर्डिनेटरचा फोन आला. घाबरलेला होता. फोर्कलिफ्टनं एक खोकं वरच्या फळीवरून खाली घेतलं, जमिनीपासून हातभर उंचीवर असताना ते पुढे कललं. भाई समोर उभे राहून खोक्यावरचा नंबर वाचत होते. मागे सरायला जागा होती, पण वेळ नव्हता. को-ऑर्डिनेटरला माझ्याकडून कंपनीच्या माणसाचा नंबर हवा होता. मी दिला. नंबर नीट, सावकाश, दोनदा सांगितला. दुपारी तीनला हॉस्पिटलातून कळलं की गेले.

आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. ते माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, ते आपल्या सभासदाचे कर्मचारी नव्हते, गोदामाच्या ठेकेदाराचे होते. तरी शोकसंदेश पाठवू. तो संदेश मीच लिहिला. चार ओळींचा होता. त्यात "अनपेक्षित" असा शब्द होता. तो मी खोडला आणि परत लिहिला, कारण त्या जागी दुसरा कुठला शब्द घातला असता तर साहेबांनी विचारलं असतं, का?

पाचव्या दिवशी मी अल कुसैसला त्यांच्या घरी गेले. दफन इथेच झालं होतं. दोन खोल्यांचा फ्लॅट, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत बायका कुराण वाचत बसलेल्या. त्यांच्या पत्नीनं मला आतल्या खोलीत नेलं. "बस, बाय," म्हणाल्या. मी कोण ते त्यांना माहीत होतं. "त्यांच्या फोनातली वसईची ताई ना तू? सांगायचे, ऑफिसात आपली भाषा बोलणारं एक माणूस भेटलंय."

चहा आला. मी सांगायचं ठरवून आले होते. रस्त्यात वाक्यसुद्धा जुळवलं होतं: भाईंनी मला आधी कळवलं होतं, आणि मी ते पुढे ढकललं. पण मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच विचारलं.

"बाय, त्या खोक्यात काय होतं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. पाच वक्ताची नमाज पढणारा माणूस. जुगाराच्या रिकाम्या डब्याखाली गेला. बाहेरच्या खोलीतून वाचण्याचा संथ आवाज येत होता.

"स्क्रीन," मी म्हटलं. "मोठी स्क्रीन. टीव्हीसारखी."

"टीव्ही," त्या म्हणाल्या, आणि पदराच्या टोकानं कपाचा काठ पुसत राहिल्या. मी जुळवलेलं वाक्य तसंच घेऊन जिना उतरले.

त्यानंतरच्या महिन्यांत मला काय झालं हे कुणाला नीट सांगता येणार नाही. भूत दिसलं वगैरे नाही. पण उंच वस्तूंजवळ मी उभी राहू शकेना. घरातला फ्रिज, लेकीचं पुस्तकांचं कपाट, ऑफिसातलं पाण्याचं मशीन, सगळ्यांचं वजन मला वरच्या बाजूला दिसायला लागलं. मॉलमध्ये दुकानाच्या काचेत उभा केलेला पुठ्ठ्याचा माणूससुद्धा पुढे कलतोय असं वाटायचं. एकदा लेक फ्रिजला टेकून फोनवर बोलत होती. मी एवढ्या जोरात ओरडले की तिच्या हातातला फोन पडला.

"मम्मा, व्हॉट इज राँग विथ यू?"

"तिथून बाजूला हो."

"इट्स अ फ्रिज, मम्मा!"

त्या शुक्रवारी मी नवऱ्याला ड्रिल आणायला लावलं आणि घरातली तिन्ही कपाटं पट्ट्यांनी भिंतीला बांधून घेतली. तो मुकाट्यानं स्क्रू पिळत होता. शेवटचा स्क्रू झाल्यावर म्हणाला, "आता चर्चला एकदा फादरशी बोलून घे." मी गेले. फादरनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ज्याचं आहे त्याला सांग. पण ज्याचं होतं तो तर नव्हता.

ऑफिसात दहा वाजता फोन वाजायचा. कुणीही असायचं, कुरिअरवाला, बँक. मी उचलून पहिल्यांदा नुसतं ऐकायचे. पलीकडच्याला वाटायचं लाइन कट झाली.

मग एके सकाळी संघटनेच्या सर्वसाधारण मेलवर एक पत्र आलं. ती पेटी मीच उघडते. पत्र भाईंच्या मुलीचं होतं. ती अल ऐनला युनिव्हर्सिटीत शिकते, हे मला त्यांच्याकडूनच माहीत होतं. इंग्रजीत, अगदी सभ्य भाषेत तिनं लिहिलं होतं: माझे वडील अमुक गोदामातल्या अपघातात वारले. खोक्यावरच्या कंपनीचं नाव मी शोधलं. ती कंपनी तुमची सभासद आहे असं तुमच्या वेबसाइटवर दिसतं. त्या खोक्यात काय होतं आणि खोक्याबद्दल कुणी आधी तक्रार केली होती का, हे मला कळू शकेल का?

मी ते साहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "अशा पत्रांसाठी मुख्य ऑफिसचा ठरलेला मजकूर आहे," ते म्हणाले. "तो पाठव." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "मला तेवढंच सांगता येतं."

मी ठरलेला मजकूर पाठवला. आणि खाली माझा नंबर लिहून, मराठीत एक ओळ टाकली: शनिवारी मी अल ऐनला येऊ का?

दीड तासाचा रस्ता. दोन्ही बाजूंना वाळू, मध्ये तारेचं कुंपण, कुठे कुठे उंट. रेडिओ लावला नाही. तिनं युनिव्हर्सिटीजवळच्या एका कॅफेचा पत्ता दिला होता. वीस-एकवीस वर्षांची, काळा हिजाब, पाठीवर लॅपटॉपची सॅक. बापाचं नाक होतं तिला. समोर बसल्या बसल्या म्हणाली, "आंटी, प्लीज, जस्ट टेल मी."

मी सांगितलं. डबा कसला ते आधी. कॅसिनोचं मशीन, रिकामं, आत खेळ नव्हता, पण त्यासाठीच बनवलेलं. ती टेबलाकडे बघत राहिली. मग मेसेजचं सांगितलं. मग बैठकीचं, पालकसभेचं, आणि तातडीचा नाही हे मी माझ्या तोंडानं म्हणाले ते. तिच्या अम्मीला मी नुसती स्क्रीन म्हणाले तेही. काहीच गाळलं नाही. गाळलं असतं तर मला तिथून उठता आलं नसतं.

"कॅन आय हिअर इट?"

मी फोन तिच्यापुढे सरकवला. तिनं कानाला लावून ऐकला. एकदाच. तिच्या चेहऱ्यावर रडू येईल असं मला वाटत होतं, पण आधी आलं ते नवल.

"ही साउंड्स सो फॉर्मल," ती म्हणाली. "घरी असे नाही बोलत. घरी आपलं कोकणी. आणि ओरडतात." मग स्वतःलाच दुरुस्त केलं, "ओरडायचे." आणि मग रडली. बराच वेळ. वेटर दोनदा जवळ येऊन परत गेला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तो हक्क मला नाही असं वाटलं.

शांत झाल्यावर तिनं मला विचारलं, "तुम्हाला जायची घाई नसती तर सांगितलं असतं का?"

"हो."

"आणि त्यांनी ऐकलं असतं का?"

"माहीत नाही. कदाचित पुढे ढकललंच असतं. पण मग ते त्यांनी ढकललं असतं."

मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तिनं म्हणावं अशी वेळही नव्हती. निघताना म्हणाली, "अम्मीला स्क्रीनच सांगा. डब्याचं तिला झेपणार नाही. पण मीटिंगचं सांगा. ती विचारत असते, कंपनीवाल्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं का."

तसंच केलं. पुढच्या आठवड्यात अल कुसैसला गेले आणि भाईंच्या पत्नीला बैठकीचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून आत गेल्या. मला वाटलं, आता मी जावं. पण त्या बाहेर आल्या आणि हातात भरलेलं ताट होतं. "जेवून जा," म्हणाल्या. ते जेवण म्हणजे क्षमा होती की नुसती रीत, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. मी जेवले. तांदळाची भाकरी होती आणि माशाचं कालवण. घास उतरत नव्हता, तरी ताट रिकामं केलं.

समितीची पुढची बैठक आली. या खेपेला खुणेचा विषय मी पहिल्या क्रमांकावर टाकला. साहेबांनी पाहिलं आणि बदलला नाही. मी दीड पानाचा मसुदा करून ठेवला होता: खोक्यावरची वजनाची खूण प्रत्यक्ष तोलून ठरवावी, वरचं वजन जास्त असेल तर चारी बाजूंनी लाल पट्टा असावा, उतरवताना समोर कुणी उभं राहू नये. एका कंपनीच्या माणसानं विचारलं, "यामागे काही घटना घडली आहे का?"

माझा माइक सुरू होता. "हो," मी म्हटलं. "एक माणूस मेला. त्यानं तीन आठवडे आधी आपल्याला कळवलं होतं. विषय मागच्या बैठकीच्या पत्रिकेत होता. माझ्या सांगण्यावरून तो पुढे ढकलला गेला."

मग अध्यक्षांनी मसुदा मताला टाकला. एकमतानं मंजूर झाला. चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं मी घड्याळात मोजली, आणि अजून मोजतेच आहे.

मिनिट्समध्ये मी ती वाक्यं जशीच्या तशी लिहिली. मुख्य ऑफिसमधून परत आली तेव्हा त्या जागी लिहिलेलं होतं: सचिवालयाने पार्श्वभूमी स्पष्ट केली. सचिवालय म्हणजे आमचं ऑफिस. साहेब म्हणाले, मी भांडलो, पण वकिलांपुढे चाललं नाही. मी माझा मूळ कागद छापून घेतला. त्याची एक प्रत अल ऐनला पाठवली. तिचं एका शब्दाचं उत्तर आलं: रिसीव्ह्ड.

भाईंच्या पत्नी वर्षाच्या आतच गावी निघून गेल्या. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. विषय बदलला तिनं. आता औद्योगिक सुरक्षा शिकते आहे. हे मला तिनं नाही सांगितलं, तिच्या प्रोफाइलवर दिसलं.

गेल्या महिन्यात नवा नियम पाळला जातोय का ते बघायला मला त्याच गोदामात पाठवलं. मी नाही म्हणू शकले असते. गेले. नवा फोरमन केरळचा, तरुण, हसरा. त्यानं मला डोक्यावर घालायला टोपी दिली आणि लाल पट्ट्याची खोकी दाखवली. मग जमिनीवरच्या पिवळ्या रेघेपाशी हात आडवा धरून मला थांबवलं.

"मॅडम, इसके आगे नहीं. उतारते टाइम सामने कोई खडा नहीं रहेगा. रूल है."

"कब से?"

"मेरे आने से पहले से है," तो म्हणाला, आणि फोर्कलिफ्टवाल्याला हात केला. "यल्ला!"

खोकं वरून खाली यायला लागलं. अगदी सरळ येत होतं, जराही न हलता. मी रेघेच्या बऱ्याच मागे होते, तरी माझे पाय आणखी मागे, आणखी मागे जात राहिले, पाठ भिंतीला लागेपर्यंत.